एस सगळ्यात शेवटी

माणूस बसायचा नाही. चहा उभ्यानं, चुरमुरे उभ्यानं, भांडण तर उभ्यानंच. बसमध्ये जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभा. मी एकदा विचारलं, बसायला काय दुखतं का? म्हणाला, "बसलेल्या माणसाचं अक्षर वाकडं येतं." आता बसमध्ये कोण अक्षर काढायला जातं? पण त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे आपणही उभं राहायचं, आणि माझे पाय तेव्हा दिवसभर चालून आधीच भरलेले असायचे.

हा आमचा कलकत्त्याचा घरमालक. माझा मुलगा गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात. क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत ह्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं. तळमजल्यावर हा एकटा. जन्मभर ह्यानं नदीकाठच्या कारखान्यात जहाजांवर नावं रंगवली. वय माझ्याएवढंच, सत्तरीच्या पुढचं. तो मला दादा म्हणायचा, मी त्याला दादा. म्हणजे दोघंही समोरच्याला थोरला ठरवून आपण धाकटे राहायला बघत होतो. दिवाळी सरली की माकडटोपी घालायचा ती होळीला काढायचा. बोलायचा बंगाली मिसळलेली हिंदी. ते मी इथे आपल्या भाषेत लिहितोय. जसंच्या तसं लिहायला मला येत नाही.

मी चौथी शिकलेला. बार्शीला एसटीच्या वर्कशॉपात टायर काढायचे आणि घालायचे, पस्तीस वर्षं. इंग्रजी म्हणजे टायरवरची मोठी अक्षरं. ती चेहऱ्यानं ओळखायचो, नावानं नाही. बायको गेली आणि महिन्याभरात मुलानं मला उचलून इकडे आणलं. बार्शीच्या घराला कुलूप. तिथे एकटा काय करणार, असं त्याचं म्हणणं. इथे तरी काय करत होतो? जिना उतरायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, जिना चढायचा. खोलीत पाच मिनिटं बसलो की हिचा खोकला ऐकू यायचा आणि मी पुन्हा चपला घालायचो.

चालणंही धड नव्हतं. सदऱ्याच्या दोन खिशांवर दोन हात दाबून चालायचो. डाव्या खिशात गोळ्यांची एक पट्टी, उजव्यात दवाखान्याचा कागद.

ते आत्ताच सांगून टाकतो. हिचं हृदयाचं दुखणं. शेवटचं दवाखान्यातून सोडलं तेव्हा डॉक्टरनं जुनी एक गोळी बंद केली आणि तिच्या जागी नवी दिली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारक्या, दोन्हींच्या पट्ट्या चंदेरी. नव्या गोळीच्या नावाखाली कागदावर तांबडी रेघ मारून दिली. घरी आलो आणि नव्या पट्ट्या मी बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. जुन्या त्याच डब्यात होत्या. औषधं तिथेच ठेवायची सवय, दुसरं काही नाही. पहिले दोन दिवस सून होती, तिनं बघून दिल्या. तिसऱ्या दिवसापासून मी, रोज दोन. सहाव्या दिवशी सकाळी ही गेली. पट्टीला सहा भोकं पडलेली, चार गोळ्या राहिलेल्या. डबा पुढे मुलानं फेकून दिला. ती पट्टी त्याच्या आधीच माझ्या खिशात गेली होती.

कोणी म्हणेल, अरे, मग औषधाच्या दुकानात दाखवायची. बार्शीत काय दुकानं नाहीत? कोणी म्हणेल, अक्षरं चेहऱ्यानं ओळखतोस ना, मग कागद आणि पट्टी शेजारी धर आणि जुळव. तेवढी अक्कल मलाही आहे. पण त्यासाठी दोन्ही एकदम हातात घ्यावं लागतं. चौदा महिने मी एक डावीकडे ठेवलं आणि एक उजवीकडे.

आता नातीचं. सई, पाच वर्षांची. मराठी बोलता बोलता मध्येच बंगालीत घसरणारी. ए टू झेड घडाघडा म्हणायची, पण तीन अक्षरं जोडून समोर आली की तोंड बंद. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर शाळेनं चिठ्ठी पाठवली. मार्चपर्यंत वाचायला लागली नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवू. सून बँकेत नोकरीला, मुलगा सातला घरी येणार. सून ओट्यापाशी डोळे पुसत होती. मी म्हटलं, "मी घेतो तिला. वाचायला लावतो."

"बाबा, तुम्हाला..." एवढंच म्हणाली. पुढचं तिनं गिळलं.

"नाही येत मला इंग्रजी," मी म्हटलं. "पोरगी पुस्तकापुढे बसवायला येते."

तेही आलं नाही. मी पुस्तक उघडायचो, शब्दावर बोट ठेवायचो आणि विचारायचो, "हे काय?" ती खिडकीबाहेर बघायची. "सई, हे काय?" ती नखं खायची. चौथ्या दिवशी तिनं पुस्तक उचललं आणि जिन्यातून खाली भिरकावलं. ते पडलं घरमालकाच्या पायाशी. तो वर आला, दारात उभा राहिला.

"चार दिवस ऐकतोय. हे काय, हे काय! दादा, तुम्ही जेवायला बसलात आणि प्रत्येक घासाला कोणी विचारलं, हे काय, डाळ का? मग हे काय, भात का? जेवाल तुम्ही?"

"मग शिकवू कसं?"

"विचारायचं नाही. कधीच नाही." त्यानं पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. "आणि ही एवढीशी अक्षरं! कंजूस माणसाचं काम. दिदिभाई, उद्यापासून माझ्याकडे."

दिदिभाई म्हणजे सई. तिकडचे आजोबा नातीला तसंच म्हणतात. पुस्तक त्यानं परत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जिन्याची भिंत घेतली. मला म्हणाला, जहाजाचं नाव नुसत्या रंगानं लिहीत नाहीत. आधी लोखंडावर वेल्डिंगची कड उठवतात, अक्षराच्या चारी बाजूंनी, आणि मग आत रंग भरतात. समुद्र रंग खातो, कड खात नाही. पुढच्या वेळी अगदी नवशिका आला तरी बोटानं चाचपून तेच नाव रंगवील. तशीच कड त्यानं भिंतीवर पुट्टीनं उठवली, सईच्या खांद्याच्या उंचीवर. वितीएवढं एक अक्षर, एका पायरीला एक. आत निळा रंग. खाली खडूनं त्याचंच बारकं रूप. त्याला तो म्हणायचा पिल्लू.

पण सुरुवात ए पासून नाही. ए तिरका आहे म्हणे, तिरक्याची पाळी दुसऱ्या महिन्यात. आधी उभ्या रेघा. आय, मग एल, मग टी, एच. रंगारी ज्या क्रमानं शिकतो त्या क्रमानं. मग तिरकी, मग गोल. एस सगळ्यात शेवटी.

आणि नावं घ्यायची नाहीत. "एच म्हणू नका, दादा. ते त्याचं कागदावरचं नाव. ते काम काय करतं ते म्हणा. ह्." आम्ही दोन म्हातारे आणि एक पोरगी जिन्यावर उभे राहून "ह्, ह्" करत धापा टाकायचो. वरून सून आली तर तिला वाटलं मला दम लागलाय. पाणी आणायला पळाली.

जी अक्षरं शब्दात असतात पण बोलत नाहीत त्यांना तो बिनतिकिटाचे प्रवासी म्हणायचा. ते मला लगेच पटलं. एसटीत उभा जन्म गेलेला.

बाहेर रस्त्यावर त्याच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. दुकानांच्या पाट्या वाचत नव्हता, तपासत होता. नाक्यावरच्या मिठाईवाल्याच्या पाटीत दोन अक्षरांमध्ये फट जास्त पडलेली, तेवढ्यावरून अकरा वर्षं त्या दुकानाची पायरी चढला नाही. संदेश मात्र त्याचेच आवडायचे. मला आणायला पाठवायचा आणि त्या दिशेला पाठ करून खायचा. मी म्हटलं, "दादा, पाठ केली म्हणून चव बदलते का?" म्हणाला, "चव नाही बदलत. माझी इज्जत राहते."

सई त्याच्यामागे जिनाभर फिरायची. बोट कडेवरून ओढत वर, ओढत खाली. पण एक गोष्ट तिला डाचत होती. "माझा एस कधी?"

"दिदिभाई, मला एस लग्नानंतर मिळाला."

"मग मी लग्न करू?"

"करा. पण आधी ओ आणि सी नीट होऊ द्या."

मला हसू यायचं, पण ते टिकायचं नाही. कारण ती वाचते की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. विचारायला बंदी! मी दोनदा चोरून विचारलं, तर पोरगी म्हणाली, "आजोबा, तसं विचारायचं नसतं." जानेवारी लागला. सुनेचा धीर सुटला. ती जिन्यातच त्याला गाठून बोलली.

"दादू, दोन महिने राहिले. तिला स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर येत नाही!"

"बौमा," सुनेला तो असंच म्हणायचा, "एसला दोन वळणं असतात आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. उभी रेघ पक्की नसताना काढला तर त्याचा साप होतो."

"ती वाचते का? एवढंच सांगा."

"मी विचारलेलं नाही."

सून वर आली आणि मला म्हणाली, "बाबा, सरस्वतीपूजा झाली की सोमवारपासून शिकवणी लावते. तुम्हालाही मग अडकून पडायला नको. घरी जाऊन राहावंसं वाटलं तर जाता येईल." चांगल्या मनानं म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की मी इथे कोंडलोय. मला बार्शीचं कुलूप दिसलं. आतला तो पलंग दिसला. पोरगी वाचत नसेल तर मी तिथे, हे मला कळलं. खिशांवर हात दाबून मी त्या दिवशी पार बसडेपोपर्यंत चालत गेलो आणि आलो.

त्यात मी आणखी एक घोळ करून ठेवला. बाजारात छान पिवळी बोरं आली होती. मी पावशेर आणली, सईला दिली, मीही खाल्ली. आपल्याकडे बोर खायला कोणाची परवानगी लागत नाही. जिन्यात बिया बघून घरमालक पांढरा पडला. "पूजेच्या आधी बोर? सरस्वतीला दाखवायच्या आधी? दादा, हे केलेली पोरं नापास होतात!" गंमत म्हणजे एरवी असलं काही न मानणारी सून माझ्याकडेच रागानं बघायला लागली. पूजेपर्यंत आठ दिवस तो मला रोज विचारायचा, "किती खाल्ली? खरं सांगा." चार म्हटलं की "पाच", असं तोच वाढवायचा.

पूजेच्या दिवशी सकाळी जिन्याखाली मूर्ती बसवली. तिकडची रीत अशी, की त्या दिवशी पोरं अभ्यास करत नाहीत; पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवायची आणि वाचायचं नाही. आमच्या माणसानं ती रीत पार टोकाला नेली. "ज्याच्यावर अक्षर आहे ते सगळं खाली. आज अक्षरांना सुट्टी." सईची पुस्तकं गेली. त्याचे ब्रश गेले. भिंतीवरची दिनदर्शिका, पेपर, सुनेचं बँकेचं ओळखपत्र, साबणाचा कागद. स्वतःच्या दारावरची पाटी त्यानं उलटी टांगली. मग माझ्याकडे वळला.

"दादा, खिसे."

"काही नाही त्यात."

"तुम्ही आलात तेव्हापासून बघतोय. दोन खिशांवर दोन हात. असा एक तर पोलीस चालतो, नाही तर चोर. अक्षर आहे का त्यावर?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. "आहे."

"मग खाली."

डावा खिसा काढला. मग उजवा. ठेवताना लांब लांब ठेवले मी. पण त्या माणसाला वाकडं बघवत नाही ना! वाकला आणि पट्टी उचलून कागदाच्या शेजारी लावली, कडेला कड. काय आहे ते त्यानं पाहिलंही नाही. मी मूर्तीच्या हंसाकडे बघत राहिलो.

मग त्यानं सईला लिहायची पाटी दिली; देवीसमोर नवं अक्षर गिरवायला तेवढी सूट असते म्हणे. मागे उभा राहिला, तिचा हात हातात घेतला आणि एक वळण, मग उलटं दुसरं. एस. "स्," म्हणाली ती. "स्, स्." भटजींच्या मंत्रांपेक्षा तिचाच आवाज मोठा.

पुष्पांजली झाली, खिचडी झाली. दुपारी आम्ही तिघं आजूबाजूच्या मूर्ती बघायला निघालो. सई पिवळ्या साडीत, सारखी पायात येणारी. गल्लीच्या तोंडाशी त्यानं बजावलं, "दिदिभाई, आज काहीही वाचायचं नाही. पाप लागतं." तिनं डोळ्यांवर बोटं धरली आणि हसत चालायला लागली.

न्हाव्याच्या दुकानापाशी बोटांच्या फटीतून आलं, "सलून." मग म्हणाली, "नाही नाही, नाही वाचलं!" दहा पावलांवर, "स्टॉप." शटरवर, "सेल." मग टेम्पोवरचं, विजेच्या डब्यावरचं, पोलिसाच्या खांद्यावरचं. कुठे अडखळायची, कुठे चुकीचं म्हणायची, पण थांबत नव्हती. जणू त्या एका अक्षरानं बूच निघालं होतं. हसणं कधीच बंद झालं होतं. डोळे गच्च मिटून रस्त्यात उभी राहिली आणि रडायला लागली.

"मी नाही वाचत, आजोबा! ते आपलं आपणच होतंय. डोळे उघडले की होतंय."

मी तिला उचललं आणि घरमालकाकडे बघितलं. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. बसला होता! माकडटोपी गुडघ्यावर, दोन्ही हात तिच्यावर. मी त्याला बसलेला त्या एकदाच पाहिला.

"दादा," तो म्हणाला, "सांगितल्यावर जो वाचतो त्याचा काय भरवसा? हिला आता थांबवता येत नाही." आणि सईला म्हणाला, "पाप मला लागेल. तू वाच."

आम्ही परत आलो. तिला प्रसादाचं बोर हवं होतं, म्हणून ती मूर्तीपुढे उकिडवी बसली. मी चपला काढत होतो. माझ्या डोक्यात सूनच होती. तिला कसं सांगायचं, कुठल्या शब्दात, एवढंच चाललं होतं. तेवढ्यात सई म्हणाली, "आजोबा, ह्या दोन्हींवर सेमच लिहिलंय."

"कशावर?"

"हे चमचम आहे ना, त्याच्यावर. आणि ह्या लाल रेघेवर."

तिनं पट्टीवर बोट ठेवून ते नाव म्हटलं, तुकड्यातुकड्यानं, जिना चढल्यासारखं. मग कागदावर बोट नेलं आणि तेच नाव पुन्हा म्हटलं.

"पुन्हा वाच," मी म्हटलं.

तिनं वाचलं.

"पुन्हा."

"दादा, तिला असं..." घरमालक बोलायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. सईला म्हणाला, वर जा, आईला बोर देऊन ये.

मला वाटत होतं, गोळी बरोबर निघाली तर सुटलो. तसं काही झालं नाही. गोळी बरोबर होती, वेळ बरोबर होती, माझ्या हातानं दिली होती, आणि तरी ही गेली. म्हणजे शिव्या द्यायला कोणी उरलंच नाही. इतके दिवस निदान मी होतो. मी जिन्यावर बसलो आणि देवीसमोर नको ते बोललो. मग त्याला सगळं सांगितलं, डब्यापासून. तो उभ्यानं ऐकत होता. समजावणं नाही, पाठीवर हात नाही. माझं संपल्यावर त्यानं खाली वाकून पट्टी उचलली, तिच्यावरची झेंडूची पाकळी झटकली, कागदाच्या घडीत ती नीट बसवली आणि माझ्या डाव्या खिशात घातली.

"आता दोन्ही एकाच खिशात ठेवा, दादा. चाल सरळ होईल."

शिकवणी लागली नाही. शेवटच्या पायरीची कड त्यानं पूजेच्या दुसऱ्या दिवशी उठवली. मार्चमध्ये बाईंनी सईपुढे धड्याचं पुस्तक ठेवलं. तिनं ते वाचलं, मग बाईंच्या मागचा तक्ता वाचला, मग बाईंच्या पाण्याच्या बाटलीवरचं वाचायला लागली तेव्हा बाईंनीच पुरे म्हटलं. सुनेनं घरमालकाला संदेशाचा खोका आणला, नाक्यावरच्याच दुकानातला. त्यानं उभ्यानं आणि पाठ करून खाल्ला.

गेल्या आषाढात तो गेला. त्याचा पुतण्या सांगतो, झोपेत गेला. मला पटत नाही. तो माणूस आडवा होऊन गेला असेल असं मला वाटतच नाही.

पुतण्यानं आता जिना गुलाबी रंगवून घेतलाय, भिंतीवरची निळी अक्षरं दिसत नाहीत. सुनेला फार वाईट वाटलं. तिला मी काही बोललो नाही. एकदा हात धरून दाखवीन. माझ्या फेऱ्या अजून तेवढ्याच आहेत, ते काही सुटलं नाही. पण चढताना मी भिंतीवरून बोटं फिरवत जातो. आय लागतो, एल लागतो, मग टी. मधली सगळी येत जातात. आमच्या दाराशी, अगदी वरच्या पायरीला, ते एक वळण आणि त्याच्या उलट दुसरं.

डावा हात खिशावर असतो. उजवा मोकळा आहे.